धरा डॉक्टर आणि माझ्या पोटातलं कापड

बारामतीत ज्यांनी पोटाची सोनोग्राफी केली आहे, त्यातल्या बऱ्याच जणांना धरा डॉक्टर माहीत असणार. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नव्हतं. पेशंट टेबलावर आडवा झाला की ते म्हणायचे, "श्वास घ्या. धरा." पेशंट धरायचा. मग यांचे डोळे पडद्यावर जायचे, डोळ्यांमागं मन जायचं, आणि "सोडा" म्हणायचं राहूनच जायचं. आत गेलेला माणूस बाहेर यायचा तो मिरचीसारखा लाल होऊन. म्हणून धरा डॉक्टर.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायचा सराव नाही. पण पारावर त्यांचा विषय निघाला की मागोमाग माझ्या पोटाचा विषय निघतो, आणि जो तो त्यात आपल्या पदरचं घालून सांगतो. म्हणून म्हणलं आपणच लिहावं. पोट माझं होतं.

नेहमीच्या पेशंटांनी त्यांच्या विसरण्यावर तोड काढलेली होती. सायकलच्या ट्यूबातनं हवा जावी तसा ते नाकातनं हळूहळू श्वास सोडायचे. डॉक्टरांना ते पडद्यावर दिसायचं. "चोरी चाललीय," एवढंच ते म्हणायचे, तेही पडद्याकडं बघत. माणसाच्या तोंडाकडं बघायची त्यांना सवयच नव्हती. तोंडावरून त्यांना कुणी ओळखू यायचं नाही. एकदा भाजी मंडईत आमच्या ओळखीच्या एकानं त्यांना रामराम घातला. हे कोऱ्या नजरेनं बघत राहिले. तो म्हणाला, अहो मी अमुक, तमुक गावचा, दोनदा आलोय तुमच्याकडं. तरी काही नाही. शेवटी त्यानं सांगितलं, डाव्या किडनीत खडा. तेव्हा डॉक्टरांनी हातातली मेथीची जुडी खाली टाकली आणि त्याला मिठीच मारली. "डाव्या किडनीतला खडा! आधी सांगायचं ना. पडला का?"

पोटाला लावायची ती जेली गार लागते, पेशंट अंग चोरतो आणि यांचं चित्र हलतं. म्हणून जेलीची बाटली ते चहाच्या थर्मासात ठेवायचे. जेली उबदार लागायची हे खरं, पण त्यांच्याकडं चहा कुणी घेत नसे.

गॅस हा त्यांचा मोठा वैरी. आतड्यात गॅस असला की मागचं काही दिसत नाही म्हणायचे. मग पेशंटला या कुशीवर, त्या कुशीवर, उठा, बसा, आणि तरीही गॅस हलला नाही तर एसटी स्टँडापर्यंत चालत जाऊन या. एका गावच्या सरपंचालाही त्यांनी तसंच पाठवलं. सरपंच गाडीतनं गेले, गाडीतनं आले, दारात उतरून जरा धापा टाकल्यासारखं केलं. डॉक्टरांनी यंत्र टेकवलं आणि म्हणाले, "गाडीतनं गेलात. गॅस आहे तिथंच बसलाय."

आणि एक खोड अशी की शेतकऱ्याला शेतातलं उदाहरण दिलं म्हणजे कळतं, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. स्वतः जन्मात कधी रानात पाय टाकला नव्हता. एका बाईला ते म्हणाले, तुमच्या पित्ताच्या पिशवीत खडे असे लागलेत जशा उसाला शेंगा लागतात. बाई रडत होती ती हसायला लागली. दुसऱ्या एकाला म्हणाले, भुईमूग झाडावर पिकून टरारतो तशी किडनी सुजलीय. त्या माणसानं घरी येऊन सांगितलं की डॉक्टरला यंत्रातलं कळत असेल नसेल, भुईमुगातलं काही कळत नाही.

पण सगळ्यात मोठी खोड कागदाची. कुणी दुसरीकडचा रिपोर्ट घेऊन आला तर ते तो उघडत नसत. घडी तशीच घ्यायचे, खुर्चीवर ठेवायचे आणि त्याच्यावर बसायचे. तपासणी होईपर्यंत रिपोर्ट त्यांच्या बुडाखाली. म्हणायचे, "कागद आधी वाचला की डोळे कागदातलंच बघतात. पोटातलं बघत नाहीत." तोंडी सांगायचीही बंदी. पेशंटनं काही सांगायला तोंड उघडलं की हात वर करायचे. स्वतःचं सगळं बघून झालं की मग बूड उचलून कागद काढायचे आणि ताडून बघायचे. तोवर कागदाला चांगली इस्त्री झालेली असायची.

आता माझं सांगतो.

माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले. खडेच ते, त्यात शरमेसारखं काही नाही. आमचा थोरला बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला, तिथंच बिऱ्हाड करून राहतो. त्यानं तिथल्या एका दवाखान्यात माझं दुर्बिणीचं ऑपरेशन करवलं. डॉक्टर तरुण, हात हलका. पोटाला चार बारीक भोकं पाडली आणि पिशवी काढली. फक्त भूल देणारा डॉक्टर आमच्या कारभारणीला म्हणाला होता, आबांचं हृदय जुनं झालंय, ह्या वेळी निभावलं, सारखी सारखी भूल द्यायची वेळ येऊ देऊ नका.

मी गावी आलो. आमचं गाव बावड्याजवळ, इंदापूर तालुक्यात. ऑपरेशन पोटाचं आणि दुखायला लागला उजवा खांदा. तो थांबला तर बरगडीखाली ओढ लागायला लागली. ओढ लागली ती मी पाटाचं बारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला, खोरं उचललं म्हणून, असं घरातले म्हणतात. खोरं मी बारा महिने उचलतो. त्याचा काही संबंध नाही.

तेवढ्यात गावात बातमी फिरायला लागली की ऑपरेशन करताना पोटात कापड राहिलं. कुणी आणली कळेना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते हातरुमालाएवढं होतं. बावड्याच्या बाजारात जाऊन परत आलं तवर त्याचा पंचा झाला, आणि इंदापूरला आमच्या लेकीच्या कानावर गेलं तेव्हा अख्खं धोतर होतं. पारावर याच्यावर बोलणं झालं. एक जण म्हणाला, भोकं तर एवढी एवढी, धोतर जाईल कसं? आमचा चुलतभाऊ तात्या, ज्याला आजवर कुठल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही असं झालेलं नाही, तो म्हणाला, घडी घालून.

मला ते पटलं. म्हणजे धोतर नव्हे, पण कापड पटलं. माझ्या पोटात काय आहे ते मला आतून कळत होतं. थोरला म्हणाला ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच विचारू. मी म्हणलं, ज्यानं ठेवलं त्यालाच काय विचारायचं? त्या दवाखान्याची पायरी मी चढणार नाही. मग इंदापुरात सोनोग्राफी केली. टेबलावर पडल्या पडल्या मी तिथल्या डॉक्टरला सांगून टाकलं, पोटात कापड राहिलंय, तेवढं बघा. त्यानं बराच वेळ बघितलं आणि रिपोर्टात लिहिलं की पिशवीच्या जागी कापडासारखं काहीतरी दिसतंय. तोंडानं म्हणाला, नक्की सांगता येत नाही, ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना दाखवून घ्या. पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

तात्याच्या सासुरवाडीकडचा कुणीतरी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात होता. त्यानं फोनवर ठरवलं, सोमवारी आणा, पोट उघडून कापड बाहेर काढू. ह्या वेळी दुर्बीण नाही, सरळ उभा छेद. आणि निघालेलं कापड बरणीत घालून त्या तरुण डॉक्टरवर केस ठोकायची, हे तात्याचं. बरणी त्यानं धुऊन तयार ठेवली होती.

कारभारणीनं दोन्ही लेकींना बोलावून घेतलं. कारण काय तर सहज. लेकी आल्या, माझ्या पायाशी बसल्या आणि लहानपणीच्या गोष्टी काढायला लागल्या. तेव्हा मला कळलं की भूलवाल्या डॉक्टरचं बोलणं तिनं पदरात बांधून ठेवलंय. मी मात्र शब्द दिला होता. सोमवार म्हणजे सोमवार.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "पुण्याला जायच्या आदी धरा डाक्टरला दावायचं. न्हायतर मी गाडीत बसणार न्हाय."

तिचा त्यांच्यावर भरवसा होता. मागं तिच्या पोटात कुणीतरी गाठ सांगितली होती आणि घरात रडारड झाली होती. धरा डॉक्टर म्हणाले गॅस आहे, स्टँडापर्यंत चालून या. ती चालून आली आणि गाठ गेली. तेव्हापासून तिच्या लेखी ते देवमाणूस. मी म्हणलं, चल. माझं कापड काही चालून जाणारं नव्हतं.

थोरला, कारभारीण, मी आणि तात्या, असे चौघं गेलो. बाहेर बाकावर एक जण नुकताच आतून आलेला, कपाळाचा घाम पुसत होता. दुसऱ्याला सांगत होता की आपण दोनदा चोरून सोडला. मी ऐकलं आणि मनाशी ठरवलं. तरणा होतो तेव्हा आमच्या शिवारात कुणाच्या विहिरीत घागर पडली, इंजिनाचा पाना पडला, तर मला बोलावणं यायचं. तळाला जाऊन चाचपून वस्तू घेऊनच मी वर यायचो. काठावरच्या बाया रडायला लागायच्या. अशा माणसानं श्वासाची चोरी करायची?

आत गेल्यावर थोरल्यानं इंदापूरचा रिपोर्ट पुढं केला. डॉक्टरांनी घेतला आणि त्याच्यावर बसले. तात्यानं घसा साफ केला.

"सायेब, पोटात ह्येंच्या…"

डॉक्टरांनी हात वर केला. "तुम्ही एसटी स्टँडापर्यंत चालत जाऊन या."

"मला काय झालं न्हाय."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

तात्या कसा कोण जाणे, पण गेला. मी आडवा झालो. सदरा वर घेतला, उबदार जेली लागली, यंत्र पोटावर फिरायला लागलं. मी म्हणलं, "डाक्टरसाहेब, पोटात काय हाय ते खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. मी अक्षरं जुळवून वाचलं. इथं गर्भलिंग तपासणी केली जात नाही.

"कायद्यानं सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच खुसूखुसू हसले. कारभारणीनं तोंडाला पदर लावला. कित्येक दिवसांनी तिला हसताना बघितलं, म्हणून मी राग धरला नाही.

मग त्यांचं हसणं बंद झालं. यंत्र बरगडीखाली येऊन थांबलं.

"बरगडीमागं लपलंय. लिव्हर खाली आलं तर दिसेल. मोठा श्वास घ्या. धरा."

मी धरला.

पडद्यावर करडं, काळं, आभाळ भरून आल्यासारखं काहीतरी हलत होतं ते थांबलं. डॉक्टर पुढं झुकले. "हे लिव्हर. ही पिशवीची जागा. पिशवी नाही. बरोबर आहे, काढायची तीच होती." मग थांबले. मग कारभारणीकडं वळून, म्हणजे तिच्या पोटाच्या दिशेनं वळून, समजावून सांगायला लागले. पडद्यावर पांढरं दिसलं की त्याच्यामागं सावली पडते आणि सगळं इंगित सावलीत असतं. दगडाची सावली लिंबाच्या झाडाखालच्यासारखी, गडद आणि काठ चोख. हवेची सावली कारखान्याच्या चिमणीतल्या धुराची जमिनीवर पडते तशी, विस्कटलेली. मी एवढं आयुष्य सोमेश्वरनगरपासून बावड्यापर्यंत चिमण्यांच्या धुराखाली काढलं आहे, ते उदाहरण तंतोतंत होतं. जन्मात एकच त्यांनी बरोबर दिलं आणि श्वास धरलेला असल्यामुळं मला "व्हय" म्हणता आलं नाही.

"ही बघा, पांढरी पट्टी. तिच्यात हवेचे बारीक मणी. सावली विस्कटलेली." मग मला म्हणाले, "डाव्या कुशीवर व्हा."

श्वास सोडा म्हणाले नव्हते. मी धरूनच वळलो.

"मणी हलले नाहीत," ते आपल्याशीच बोलले. "आतड्यातली हवा असती तर वर पळाली असती. ही कशात तरी अडकलीय." पुन्हा यंत्र टेकवलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या. भिंतीवरची पाटी जवळ आली, लांब गेली. कारभारीण म्हणाली, "आवो, सोडा की आता." मी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "हलू नका. वा. आजवर इतकं आतलं कुणी दाखवलं नव्हतं मला." त्यांना काय, चित्र मिळालं होतं. मला विहिरीचा तळ दिसायला लागला होता.

शेवटी दार उघडून त्यांच्या मावशी आत आल्या. जेली पुसायचे कपडे धुणाऱ्या, वर्षानुवर्षं त्यांच्याकडं असलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, सोडा म्हणा."

"अरे हो. सोडा."

मग मी सोडला. एवढं लिहून ठेवतो की सोडा म्हणल्यावर सोडला, आधी नाही. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. बघतच राहिले. मला वाटतं, असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मग बूड उचललं, रिपोर्ट काढला, वाचला, ताडून बघितला.

"बरोबर आहे. कापड आहे."

कारभारीण मटकन खालीच बसली. मी उठून सदरा खाली ओढला आणि म्हणलं, "मी म्हणलं व्हतंच."

"पण विसरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "ठेवलेलं आहे. कापडच आहे, पण विरघळणारं. पिशवी काढल्यावर तिथून रक्त झिरपत राहिलं तर त्यावर तुकडा ठेवतात. काही आठवड्यांत जातं. इंदापूरवाल्यांना दिसलं ते बरोबर दिसलं. दिसणं आणि त्याचा अर्थ लावणं ही दोन वेगळी कामं आहेत." मग आमच्या समजुतीसाठी म्हणाले, "म्हणजे कसं, कांदा कापल्यावर त्याला पट्टी बांधतात तसं."

"कांद्याला कोण पट्टी बांधतं?" मी म्हणलं. "डाळिंबाची फांदी छाटली की जखमंवर पेस्ट लावत्यात, तसं म्हणा."

"ती पेस्ट पुढं काढून टाकता का?"

"काढायची कशाला? जाती की आपली आपुन."

"मग सोमवारी पुण्याला कशाला निघालात?"

ह्याच्यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं म्हणून नव्हे. श्वास अजून पुरता जागेवर आला नव्हता.

नुसत्या आपल्या म्हणण्यावर त्यांनी सोडलं नाही. त्या तरुण डॉक्टरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. विचारलं, अमुक पेशंटच्या पित्ताशयाच्या जागेवर काही ठेवलंय का. तो म्हणाला, "हो सर. थोडं झिरपत होतं. मी बाहेर येऊन आजींना सांगितलं होतं की एक छोटं कापड आत ठेवलंय, ते विरघळून जाईल."

आम्ही सगळे आजींकडं बघायला लागलो.

कारभारीण जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली, "सांगितलं व्हतं की. मी गावाकडं धाकल्या सूनबाईला फोनवर सांगितलं. तिनं शेजारी सांगितलं आसंल."

"मग गावभर हे चाललंय तवा बोलली का न्हाईस?" थोरला म्हणाला.

"मला वाटलं ते येगळं आन हे येगळं. एक त्येंनी ठिवलं, दुसरं राहिलं."

म्हणजे बातमी आमच्याच घरातनं निघाली, बावड्याचा बाजार करून, इंदापूर बघून, धोतर होऊन परत माझ्याकडं आली, आणि मी ती घेऊन इंदापूरला सोनोग्राफीला गेलो. कारभारीण आणखी एक म्हणते की मी शुद्धीवर आलो तेव्हाच तिनं मला सगळं सांगितलं होतं आणि मी "व्हय व्हय" म्हणून घोरायला लागलो. हे खोटं आहे. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी तेव्हाही म्हणलं आणि आजही म्हणतो.

खांद्याचंही मी विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात, ती जाईतोवर खांद्यात कळ मारते. पोट म्हणजे काय ट्यूब आहे का, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मघाशी मीच तसं फुगून दाखवलं होतं.

तेवढ्यात तात्या स्टँडापर्यंत जाऊन घामाघूम होऊन परत आला. खरंच चालत गेला होता. म्हणाला, "घावलं का कापड?"

डॉक्टर म्हणाले, "तुमचा गॅस गेला का?"

तात्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "गेला."

सोमवारी पुण्याला कुणी गेलं नाही. डॉक्टरांनी ताकीद दिली होती की ताप आला, दुखणं वाढलं तर त्याच दिवशी यायचं, वाट बघायची नाही, आणि काही नाही झालं तरी महिन्या-दीड महिन्यानं यायचंच. आणि तोवर खोरं उचलायचं नाही. खोऱ्याचं त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. लेकी आपापल्या घरी गेल्या. कारभारणीनं त्या दिवशी पुरण घातलं. मी विचारलं, आज काय आहे? ती म्हणाली, काही नाही. तात्याच्या बरणीत आता लिंबाचं लोणचं आहे.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तोंडावरून त्यांनी मला ओळखलं नाही. सदरा वर केला तसे म्हणाले, "या, या, कापडवाले आबा." श्वास धरा म्हणाले, धरला. सोडा म्हणायचं विसरले, मावशींनी आठवण केली. कापड नव्हतं. एक बारीक ठिपका तेवढा चमकत होता, ती नस बंद करायची चिमटी म्हणे, ती राहायचीच.

मी म्हणलं, "ग्येलं ते ठीक. पण मी खरं बोलत व्हतो ह्याला पुरावा काय?"

त्यांना ते पटलं. म्हणाले, रास्त आहे. मागच्या वेळचा फोटो शोधला आणि पांढऱ्या पट्टीवर बाण काढून मला दिला. तो मी चौकटीत बसवून सोप्यात लावला आहे. तात्या म्हणतो हे ढग आहेत. येणारा-जाणारा विचारतो आणि मी सांगतो. दसऱ्याला कारभारीण सगळ्या फोटोंना हार घालते, त्यात ह्यालाही घालते. मी एकदा म्हणलं, अगं ते गेलेलं नाही, विरघळलंय. ती म्हणाली, गेलेल्यांनाच घालत्यात. तुमच्या बदली ते गेलं, घालू द्या.

पुढं डॉक्टरांनी काम बंद केलं. मला मंडईत भेटले. मी रामराम घातला नाही, नुसतं म्हणलं, "पोटातलं कापड." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मला मिठी मारली. काम का सोडलं विचारलं तर म्हणाले, "दिसतं त्याचा अर्थ लावायचा, एवढंच माझं काम होतं आबा. मी न दिसलेल्याचा लावायला लागलो. मग थांबलो." आणि कांद्याच्या ढिगाकडं बोट करून म्हणाले, "ह्याला पट्टी बांधत नाहीत. मी चौकशी केली."

त्यांच्या जागी आता एक बाई डॉक्टर बसतात. हुशार पोरगी आहे, नातीच्या वयाची. यंत्र नवीन आहे, जेली गारच आहे. परवा पोटात जरा गुबारा धरला म्हणून थोरल्यानं नेलं. तिनं रिपोर्ट मागितला आणि आधीच वाचून काढला. मग गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, श्वास घ्या. धरा." आणि लगेच, मांजरानं डोळा मिटून उघडावा तेवढ्यात, "सोडा."

एवढ्यात काय दिसणार? मी सोडला नाही. ती म्हणाली, "आजोबा, झालं. सोडा श्वास." थोरला म्हणाला, "आबा, सोडा म्हणत्यात." बाजूला कारभारीण बसली होती, ती काही म्हणाली नाही. तिला माहीत आहे.

मी पडल्या पडल्या हातानंच त्या पोरीला खूण केली, बघ अजून. नीट बघ.